घरांतील छायाचित्रें : कालचीं आणि आजचीं

कोणत्याही जुन्या घराच्या माडीवर एक पत्र्याची ट्रंक असते, आणि त्या ट्रंकेत लग्नपत्रिका, जन्मपत्रिका व खरेदीखतांच्या नकला यांच्या खालीं एक पिवळट पाकीट असतें. त्या पाकिटांत घरचीं छायाचित्रें असतात. मोजलीं तर पंधरावीस, फार तर चाळीस भरतील. एवढ्याशा चित्रांवर तीन पिढ्यांच्या आठवणी उभ्या असतात. त्याच घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलाच्या मोबाइलमध्यें आज हजारों चित्रें असतात. आणि गेल्या वर्षीच्या गणपतींतील आजोबांचें एक चांगलें चित्र दाखव म्हटलें, तर तो बिचारा पांच मिनिटें पडद्यावर बोट फिरवीत बसतो.

फिल्म जाऊन डिजिटल कॅमेरा आला, या घटनेविषयीं बोलतांना आपण बहुधा स्वस्ताई आणि सोय या दोनच गोष्टी बोलतों. त्या खऱ्याच आहेत. परंतु संसाराच्या दृष्टीनें पाहिलें तर मुख्य बदल निराळा आहे. पूर्वीं निवडीचें काम चित्र काढण्याच्या आधीं होत असे. आतां तें चित्र काढल्यानंतर करावें लागतें. आधींची निवड पैशाच्या धाकानें आपोआप होई. नंतरची निवड कोणी आपणहून केल्याशिवाय होत नाहीं, आणि बहुतेक घरांत ती कोणीच करीत नाहीं. या महिन्याच्या लेखांत याच गोष्टीचा थोडा विचार करूं.

छायाचित्रणाची विद्या जगांत १८३९ सालीं जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळांतील नामांकित छायाचित्रकार होते. तेव्हां चित्र काचेवर घेत. पुढें काचेच्या जागीं लवचिक फिल्म आली, तरी मूळ तत्त्व तेंच राहिलें. चांदीचे क्षार जिलेटिनमध्यें मिसळून त्यांचा पातळ थर फिल्मवर दिलेला असे. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडून प्रकाश आंत आला, कीं जेथें जेथें तो पोंचला तेथील कणांत एक अदृश्य फरक होई. ती फिल्म काळोख्या खोलींत विकासक द्रावणांत बुडविली कीं त्या कणांची काळी चांदी होई. आणि हायपोच्या पाण्यांत बाकीचे क्षार निघून गेले कीं चित्र कायम होई. उजेड तेथें काळोख आणि काळोख तेथें उजेड, अशी ती उलटी प्रतिमा. तिच्यांतून कागदावर प्रकाश सोडून पुन्हां तीच क्रिया केली, म्हणजे माणसाचें सुलटें रूप दिसूं लागे.

हें सारें वाचावयास सोपें आहे. करावयास तसें नव्हतें. कृष्णधवल फिल्मसाठीं विकासक द्रावणाची उष्णता साधारण २० अंश सेल्सियस असावी, असा नियम. आमची चिखली घाटावरची. घाटाखालच्या मलकापूर-शेगांवइतका ताव येथें नसला तरी वैशाखांत पाणी २० अंशांवर राखणें ही कांहीं साधी गोष्ट नव्हे. द्रावण तापलें तर चित्राचे कण जाड दिसत, आणि जिलेटिनचा थर मऊ होऊन ओरखडे उठत. म्हणून स्टुडिओवाल्याच्या काळोख्या खोलींत बर्फाला औषधांइतकाच मान असे. एक फिल्म बिघडली म्हणजे एका घरची मुंज किंवा लग्न कायमचें गेलें, ही धास्ती त्या माणसाच्या डोक्यावर नित्य असे.

या विद्येंत घरांतील स्त्रीचा हात किती असूं शकतो, याचें उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें आहे. दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रकारच होते. गोध्रा येथें त्यांनीं स्टुडिओ चालविला होता, आणि पुढें पुराणवस्तुसंशोधन खात्यांत छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरीही केली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा मूकपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत प्रदर्शित झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या काळीं फिल्मच्या कडेला भोकें पाडावीं लागत, आणि तें काम काळोखांत बसून सरस्वतीबाई फाळके करीत. औषधें मिसळणें आणि फिल्म धुणें हेंही त्या शिकल्या होत्या. शिवाय सबंध मंडळीचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. चूल आणि काळोखी खोली या दोन्ही ठिकाणीं माप, वेळ आणि उष्णता यांचेंच राज्य असतें. तेव्हां ज्या हातांनीं एक संभाळली त्यांना दुसरी जड गेली नाहीं, यांत नवल नाहीं.

सामान्य घरापर्यंत कॅमेरा आला तो पुष्कळ पुढें. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे आग्फा क्लिक-३ नांवाचा एक साधा, डब्यासारखा कॅमेरा लोकप्रिय होता. त्याच्या एका रोलवर चौरस आकाराचीं बारा चित्रें निघत. बाराच! त्यानंतर ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचे कॅमेरे घरोघरीं आले. त्यांचा मोठा रोल छत्तीस चित्रांचा. रोल विकत घ्यावयाचा, तो धुवावयाचा आणि छापावयाचा, असा तिहेरी खर्च असे. रंगीत फिल्म तर ३८ अंशांच्या द्रावणांतून, उष्णता कांटेकोर राखून न्यावी लागे; तें काम यंत्रावर चाले, आणि तें यंत्र मोठ्या शहरांत असे. चिखलीस रेल्वे नाहीं. अशा गांवाहून रोल शहरीं जावयाचा आणि चित्रें परत यावयाचीं, म्हणजे कार्य उरकून पाहुणे आपापल्या गांवीं पोंचत, मांडव उतरे, आणि मग केव्हां तरी पाकीट हातीं पडे. तें उघडतांना घरांतील सर्व माणसें भोंवतीं जमत. दोन चित्रें अंधुक निघालेलीं असत, एकांत काकांचे डोळे मिटलेले असत. तरीही तीं फेंकून दिलीं जात नसत.

ह्या दुर्मिळतेनें घराला एक शिस्त लाविली होती. कोणाचें चित्र घ्यावयाचें, कोणत्या प्रसंगीं, कोणाला बोलवावयाचें, हें सारें आधीं ठरे. समूहचित्रांत मध्यें खुर्च्यांवर आजोबा-आजी, बाजूला चुलते, मागें उभे तरुण, पुढें सतरंजीवर मुलें, अशी मांडणी होई. बत्तीस माणसांच्या कुटुंबाचें एकच चित्र निघावयाचें असल्यामुळें तीं बत्तीस माणसें निदान त्या क्षणीं एका दिशेस पाहत. भाऊबंदकी पुढें कितीही वाढली, तरी तें चित्र दोन्ही वाटण्यांत भिंतीवर राही.

परंतु या शिस्तीची दुसरी बाजूही विसरतां कामा नये. निवड म्हटली कीं कोणी तरी वगळलें जाणारच. आणि कोण वगळलें जाई, हें जुनीं चित्रें नीट पाहिलीं तर कळतें. समूहचित्र निघत असतांना स्वयंपाकघरांत असलेली आत्या त्यांत नसते. मंगलकार्याच्या चित्रांत घरची विधवा काकू बहुधा नसते. जिनें आदल्या रात्रीं लाडू वळले, तिला पंगतीच्या चित्रांतही जागा नसते. पाणक्या, गडी, दळणाकांडणाला येणाऱ्या बायका यांचा तर प्रश्नच नाहीं. पुष्कळ घरांत अशा एखाद्या आत्याबाईंचें म्हातारपणीं निवडणुकीच्या ओळखपत्रासाठीं काढलेलें चित्र हेंच आयुष्यांतील एकमेव चित्र असतें, आणि निधनानंतर तेंच मोठें करून हार घालावा लागतो. फिल्मचा काळ गेला म्हणून हळहळणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, त्या काळची काटकसर सर्वांच्या वांट्याला सारखी आली नव्हती.

आतां डिजिटलची जन्मकथा थोडक्यांत पाहूं. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघां शास्त्रज्ञांनीं, पडलेल्या प्रकाशाचें विजेच्या भारांत रूपांतर करून तो ओळीनें मोजतां येईल, अशी एक सिलिकॉनची चकती शोधून काढली. त्याबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या चकतीवर सूक्ष्म घरें असतात. पावसांत अंगणभर वाट्या मांडून ठेवाव्यात आणि पाऊस थांबल्यावर प्रत्येक वाटींत किती पाणी सांचलें तें वहींत लिहावें, तसा हा प्रकार आहे. पावसाच्या जागीं प्रकाश आणि वहीच्या जागीं आंकडे. म्हणजे डिजिटल चित्र हें मुळांत चित्र नसून आंकड्यांची यादी आहे. म्हणूनच तें क्षणांत साता समुद्रांपलीकडे जातें, आणि म्हणूनच त्याच्या हजार प्रती काढल्या तरी हजारावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ राहते.

गंमत अशी कीं, पहिला डिजिटल कॅमेरा बनविला तो फिल्मच्या धंद्यांतील सर्वांत मोठ्या कंपनीच्या माणसानें. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें तो तयार केला. वजन साडेतीन किलोंहून अधिक. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आणि त्या कृष्णधवल चित्रांत अवघे दहा हजार ठिपके. आजच्या साध्या मोबाइलच्या चित्रांत एक कोटीहून अधिक ठिपके असतात. सिलिकॉनच्या घरांना मूळचा रंग कळत नाहीं. म्हणून त्यांवर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्या विशिष्ट क्रमानें बसवून रंग ओळखण्याची युक्ति काढली, तीही कोडॅकमधीलच ब्राइस बायर यांनीं. तिचें पेटंट १९७६ चें. तरीही २०१२ च्या जानेवारींत त्याच कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. ती कंपनी पुढें सावरली आणि थोडी फिल्म आजही बनविते. पण पूर्वींचें साम्राज्य गेलें तें गेलेंच. आपल्याकडे सरकारनें १९६० सालीं उटी येथें हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला होता. ‘इंदु’ या नांवानें निघणारी त्याची फिल्म पुष्कळांनीं वापरली असेल. तोही कारखाना शेवटीं बंद पडला.

कारखाने बुडाल्याची वार्ता वर्तमानपत्रांत तरी येते. गांवोगांवच्या स्टुडिओवाल्यांच्या हातचें कसब कसें नाहींसें झालें, याची बातमी कोणी छापली नाहीं. बारीक टोंकाच्या पेन्सिलीनें निगेटिव्हवरील वांग काढणें, कृष्णधवल चित्रावर कापसाच्या बोळ्यानें रंग चढवून नवरीच्या शालूला हिरवी छटा देणें, अंगठ्याच्या नखाएवढ्या चेहऱ्यावरून भिंतीवरची तसबीर मोठी करणें, हीं कामें वर्षानुवर्षांच्या सरावानें येत. आज तींच कामें संगणकावर थोड्या वेळांत होतात. धंदा मेला असें नाहीं. लग्नाचे जाडजूड आल्बम, चलच्चित्रें, ओळखपत्राचीं लहान चित्रें यांवर तो चालू आहे. पण ज्याला आपल्या घरच्या तीन पिढ्यांचे चेहरे पाठ होते, असा माणूस गांवांतून कमी झाला.

इतकें झाल्यावर या नव्या साधनानें काय दिलें, तेंही मोकळ्या मनानें मांडलें पाहिजे. पहिलें उदाहरण आमच्याच तालुक्यांतील शेतांचें. शेतांत कोणतें पीक उभें आहे, याची नोंद पूर्वीं तलाठी करीत. सातबाऱ्यावर काय लिहिलें गेलें, तें शेतकऱ्याला पुष्कळदां मागाहून कळे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आतां खातेदार स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलमध्यें गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र भरतो व उभ्या पिकाचें छायाचित्र काढतो. तें चित्र कोणत्या ठिकाणीं काढलें याचे अक्षांश-रेखांशही त्याबरोबर नोंदले जातात. बांधावर जाळें मिळत नाहीं, यंत्र रुसतें, मुदत संपत येते, या अडचणी आहेतच. तथापि ज्या सोयाबीनवर आणि तुरीवर त्याचें वर्ष अवलंबून आहे, त्यांचा पुरावा सोयाबीन-तुरीच्या धन्याच्याच हातांत यावा, ही गोष्ट बारा चित्रांच्या रोलनें कधीं साधली नसती.

दुसरें उदाहरण आपल्या जिल्ह्यांतील लोणारचें. उल्कापातानें झालेलें हें सरोवर सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या विवरांत आहे. जून २०२० मध्यें त्याचें पाणी एकाएकीं गुलाबी दिसूं लागलें, आणि सारें जग टाळेबंदींत घरीं बसलें असतां तीं गुलाबी चित्रें देशोदेशीं पोंचलीं. हल्लीं चित्रांत हवा तो रंग भरतां येतो हें सर्वांस ठाऊक झाल्यामुळें, असें चित्र पाहून मनांत प्रथम शंका येणें स्वाभाविकच आहे. निर्णय झाला तो पाण्याच्या तपासणीनें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलें कीं, खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या हॅलोआर्किया नांवाच्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. पाण्याचा नमुना स्थिर ठेवला तेव्हां गुलाबी गाळ तळाशीं बसला आणि पाणी नितळ झालें. छायाचित्रानें हांक मारली आणि प्रयोगशाळेनें उत्तर दिलें, अशी ही कामाची वांटणी झाली. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रानें नसलेल्या माणसाचेंही चित्र आज तयार होऊं शकतें; अशा काळांत ही वांटणी घरांतील मुलांना समजावून सांगणें आवश्यक आहे. चित्र हा प्रश्नाचा आरंभ असतो. प्रत्येक वेळीं तें उत्तर असतेंच असें नाहीं. जुन्या रंगविलेल्या तसबिरीही थोडें खोटें बोलतच होत्या, पण त्यांचें खोटें घराच्या भिंतीबाहेर जात नसे.

तिसरा लाभ वर ज्यांचा उल्लेख केला त्या आत्यांचा आणि काकूंचा. कॅमेरा पूर्वीं घरांतील एका पुरुषाच्या मालकीचा असे. कपाटाची किल्लीही त्याच्याकडेच. आज तो सुनेच्या हातांत आहे आणि सासूबाईंच्याही. म्हणून आज पापड लाटणारे हात, वाळवणावर राखण करणारी नात, दुपारीं पोथी वाचतांना चष्मा घसरलेली आजी, असे प्रसंग चित्रांत येऊं लागले. हीं चित्रें पूर्वीं कोणी काढलींच नसतीं, कारण रोज घडणाऱ्या गोष्टीवर रोल खर्च करावा, असें कोणास वाटत नसे. आपल्या घरांचा इतिहास कार्यांइतकाच रोजच्या कामांत घडतो, हें या चित्रांनीं दाखविलें. हा लाभ लहान नाहीं.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी कीं, हीं सारीं चित्रें काढलीं जातात आणि ठेवलीं जात नाहींत. मोबाइल पाण्यांत पडतो, चोरीस जातो, दोनतीन वर्षांत बदलला जातो. चित्र दुसऱ्याला पाठविलें म्हणजे तें सुरक्षित झालें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीनें पाठविलेलें चित्र लहान करून पाठविलें जातें आणि तें काढल्याची तारीख, ठिकाण इत्यादि नोंदी बहुधा गळून पडतात. फुकटच्या कोठारावर भिस्त ठेवणेंही शहाणपणाचें नव्हे. गूगल कंपनी चित्रांसाठीं अमर्याद फुकट जागा देत असे. १ जून २०२१ पासून तिनें ती सोय बंद केली. भाड्याच्या घरांत ठेवलेला ऐवज घरमालकाच्या नियमांनींच राहणार.

फिल्म टिकत होती आणि डिजिटल टिकत नाहीं, असा याचा अर्थ मात्र कोणी घेऊं नये. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. त्यांतील पहिलें आणि शेवटचें अशीं दोनच रिळें आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयापाशीं आहेत, आणि तींही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचीं असावींत असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच चित्रपट संस्थेच्या आवारांत आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा सांठा जळाला. घरच्या निगेटिव्हना पावसाळ्यांत बुरशी लागते, त्या एकमेकींना चिकटतात, कांहीं जातींच्या फिल्मला शिरक्याचा वास येऊन त्या आकसतात. तेव्हां आपोआप टिकणारें असें यांत कांहींच नाहीं. फरक इतकाच कीं, फिल्मचें चित्र हळूहळू मरतें. पिवळें पडतें, कडेनें कुरतडलें जातें, तरी चेहरा ओळखूं येतो, आणि संभाळणाऱ्याला सूचना मिळते. डिजिटल चित्र मरतें तें एका क्षणांत आणि समूळ. काल होतें, आज नाहीं. आणि नाहीं हेंही पुष्कळदां वर्षानें कळतें.

याहूनही मोठें नुकसान विपुलतेचें आहे. एका नामकरणविधीचीं चारशें चित्रें असलीं म्हणजे तीं चारशें वेळां आठवण देतात असें नाहीं. एकही पुन्हां पाहिलें जात नाहीं. धान्य निवडल्याशिवाय कणगींत भरलें तर खड्यांसकट भरलें जातें आणि पुढें दळावयास कोणी काढीत नाहीं. चित्रांचेंही तसेंच. म्हणून जी शिस्त पूर्वीं पैशानें लाविली, ती आतां घरानें आपली आपण लावून घेतली पाहिजे. त्यासाठीं कांहीं साध्या गोष्टी सुचवितों.

एक. वर्षांतून एकदां, दिवाळीच्या सुटींत घरचीं सर्व माणसें एकत्र असतांना, त्या वर्षाचीं छत्तीस चित्रें निवडावीं. छत्तीस हा आंकडा मुद्दाम सुचविला आहे. जुना रोल तेवढ्याचा होता आणि त्यांत संसाराचें एक वर्ष नीट मावत असे. निवडतांना एक दंडक पाळावा : त्या छत्तिसांत घरांतील प्रत्येक माणूस निदान एकदां असावा, आणि जी व्यक्ति सदैव कॅमेऱ्याच्या मागें असते तिला तर आवर्जून पुढें आणावी. जुन्या समूहचित्रांतील आत्याबाईंचें ऋण एवढ्यानें थोडें तरी फिटेल.

दुसरी गोष्ट : तीं छत्तीस चित्रें कागदावर छापून घ्यावीं आणि आल्बममध्यें लावावीं. चिकट पानांचे आल्बम घेऊं नयेत. त्यांचा गोंद कांहीं वर्षांनीं पिवळा पडून चित्र बिघडवितो. कागदी कोंपरे लावलेला साधा आल्बम बरा. गांवांतील स्टुडिओवाल्याकडे हें काम दिलें तर त्याचेंही कसब थोडें जगेल.

तिसरी गोष्ट प्रतींची. निवडलेल्या चित्रांच्या मूळ प्रती तीन ठिकाणीं असाव्या : एक घरच्या संगणकावर, एक वेगळ्या काढून ठेवलेल्या तबकडीवर, आणि एक दुसऱ्या गांवीं, पुण्यास किंवा परदेशीं असलेल्या मुलाकडे अगर पुतण्याकडे. आग, पाणी आणि चोरी या तिन्ही आपत्ती एकाच दिवशीं दोन गांवांत सहसा येत नाहींत. विलग झालेल्या कुटुंबाचा निदान हा एक उपयोग होऊं द्यावा. जुन्या निगेटिव्ह व चित्रें असतील तर कोरड्या ऋतूंत त्यांच्याही डिजिटल प्रती करून घ्याव्या, आणि मूळच्या निगेटिव्ह कागदी पाकिटांत, ओल नसलेल्या जागीं, जपून ठेवाव्या. प्रत झाली म्हणून मूळ फेंकूं नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत स्वस्त. नांवें लिहावीं. चित्रांत कोण आहे, त्याचें नातें काय, वर्ष कोणतें, गांव कोणतें, एवढ्या चार गोष्टी. जुन्या जाड कागदाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें लिहावें; आजच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाहीं, तेथें चित्राला क्रमांक देऊन वहींत नोंद करावी. यंत्र चेहरे ओळखून एकसारखे चेहरे एका जागीं लावून देतें हें खरें. पण ‘ही माझी मावसआजी, हिनें मला अक्षरओळख शिकविली,’ हें यंत्राला ठाऊक नसतें. तें ठाऊक असलेलें माणूस घरांत बहुधा एकच असतें, आणि त्याचें वय पंचाहत्तरीच्या पुढें असतें.

आपल्या घरांत श्राद्धाच्या दिवशीं पिता, पितामह आणि प्रपितामह, माता, पितामही आणि प्रपितामही यांचीं नांवें गोत्रासह उच्चारलीं जातात. ज्यांनीं आपल्या पणजीचा चेहरा कधीं पाहिला नाहीं, तेही तिचें नांव घेतात. छायाचित्राची विद्या जगांत येण्यापूर्वीं कित्येक शतकें आपल्या वाडवडिलांनीं तीन पिढ्यांची आठवण नुसत्या नांवांवर राखली. त्यांच्यापाशीं चेहरा नव्हता, नांव होतें. आपल्या ट्रंकेंतल्या पाकिटांत अशीं कित्येक चित्रें आहेत कीं ज्यांत चेहरा आहे आणि नांव गेलें आहे. आणि मोबाइलच्या कोठारांत तर अशा बिननांवाच्या चेहऱ्यांचा नुसता बाजार भरणार आहे. आणखी पन्नास वर्षांनीं आपल्या नातवंडांना आपलीं चित्रें लाखोंनीं मिळतील, पण त्यांतील कोण कोणाचें हें सांगणारें कोणी नसेल, तर त्या श्रीमंतीचा उपयोग काय?

वऱ्हाडांत अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नांवानें घागर भरण्याची चाल आहे. भाद्रपदांत सर्वपित्री अमावास्या येतेच. या दोहोंपैकीं एका दिवशीं, जेवणें आटोपल्यावर, तें पिवळट पाकीट आणि तो मोबाइल अशीं दोन्ही घेऊन मुलांनीं घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसावें, एकानें विचारावें आणि एकानें लिहावें. या कामाला खर्च एका वहीचा आणि एका पेन्सिलीचा. तें पुढल्या वर्षावर टाकूं नये. कारण चित्र थांबून राहतें, सांगणारें माणूस थांबून राहत नाहीं.